लेक म्हणते, गावोगावी समुपदेशन करणार

भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकरी पालकांचं पत्र आलं आहे. मुलगी कोल्हापुरात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून खेड्यापाड्यांत समुपदेशक म्हणून काम करायचं आणि सामाजिक चळवळीतही राहायचं, असं तिनं ठरवलंय. वडील विचारतात, "यात पोट भरतं का? आणि लोकांच्या घरातल्या भांडणात आपल्या मुलीनं का पडावं?"

दादा, नमस्कार.

पोटाचं आधी बोलू. सरकारी योजनांमधल्या समुपदेशकाच्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर आणि मग नूतनीकरण. संस्थेतली नोकरी बहुधा प्रकल्पाचा निधी असेपर्यंत. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातील, हे धरूनच चाला. पण जागा आहेत: सरकारी दवाखान्यातलं एचआयव्ही समुपदेशन, किशोरवयीन मुलामुलींसाठीची मैत्री क्लिनिक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं सखी केंद्र. शिवाय महिला आणि मुलांसाठीचे विशेष कक्ष, जे १९८४ साली मुंबईत पोलिसांच्या आवारात सुरू झाले आणि पुढं राज्यभर गेले. यातल्या बऱ्याच ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते. शिक्षण वाया जाणार नाही.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

खेड्यातली बाई "माझं मन ठीक नाही" असं म्हणत नाही. झोप येत नाही, छातीत धडधडतं, पित्त उसळलंय, असं सांगत ती आशाताईकडं जाते. घरात बोलायला जागा नसते, सोप्यात सासरे आणि चुलीपाशी सासू. पण आपल्या जिल्ह्यात बाई सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला बाहेर पडते. जाणत्या कार्यकर्त्या नेमकी तीच वेळ धरतात. परतीच्या वाटेवर, रिकामी किटली हातात घेऊन, ती जे बोलून जाते ते घरात कधीच बोलली नसती. ते मधे न तोडता ऐकून घ्यायचं, सल्ल्याची घाई करायची नाही, आणि तिला मार असेल तर अशा तक्रारींसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचवायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीची ही माहिती त्या अधिकाऱ्याला दुसरं कुणीही देऊ शकतं. तुम्ही याला भांडणात पडणं म्हणता. मला ते त्या बाईला एकटं न सोडणं वाटतं.

चळवळीचंही तसंच. शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ साली केला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ४ मे २०२२ ला केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव सभेत होतो हो. पण घरात माणूस गेल्यावर, जमलेल्या बायकांसमोर "हिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत" हे कुणीतरी म्हणावं लागतं, आणि त्या घरात आधीपासून ऊठबस असणाऱ्या माणसाचंच तिथं ऐकतात. म्हणून गावाकडं समुपदेशक आणि कार्यकर्ती ही दोन्ही कामं बहुधा एकाच बाईच्या अंगावर येतात.

इथंच तुमच्या लेकीला सावध करायचं आहे. कार्यकर्तीला बोलावं लागतं आणि समुपदेशकाला गप्प राहावं लागतं. सकाळी जिनं विश्वासानं सांगितलं तिची हकीकत संध्याकाळच्या सभेत आली, तर नाव न घेताही गाव ओळखतं. मग त्या गल्लीतली एकही बाई पुन्हा तोंड उघडणार नाही. हे भान नुसत्या तळमळीनं येत नाही, त्याला शिक्षण लागतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत वर्गाइतकंच महत्त्व क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायच्या कामाला असतं, ते याचसाठी. कोल्हापुरात सायबर या संस्थेत हा अभ्यासक्रम आहे, पुण्यात कर्वे संस्थेत आहे. ग्रामीण कामाचीच ओढ असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र जरूर बघा. आपली हद्दही तिथंच कळते: कानात आवाज येतात म्हणणाऱ्या किंवा जीव द्यायची भाषा करणाऱ्या माणसाला वेळ न दवडता सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या तोंडपाठ हवा.

घाई करू नका. परीक्षा झाल्यावर महिनाभर तिला तुमच्याच गावच्या आशाताई आणि अंगणवाडीताईंबरोबर फिरू द्या. उन्हातान्हात दारोदार जाऊन, चार ठिकाणी "नंतर या" ऐकूनही तिला दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर फॉर्म भरा. तिच्या लग्नाची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय. ती बोलणी तिलाच समोर बसवून करा, आणि काम चालू राहणार हे पाहुण्यांना पहिल्याच बैठकीत सांगा.

आणि एक, तिला आत्ताच गाडी शिकवा, लायसन्स काढून द्या. आडगावातली बैठक लांबते आणि शेवटची एसटी निघून जाते.