ओटमील स्टाउट घरी करताना लगदा गोंदासारखा का होतो? आणि इंदूरच्या उन्हाळ्यात हे जमतं का?

ओटमील स्टाउट म्हणजे ओट्स घातलेली काळी बिअर. तुमचे प्रश्न तीन: 10 लिटरचं प्रमाण काय, एक किलो ओट्स घातल्यावर लगद्याचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) गोंद का झाला, आणि एप्रिल-मेमध्ये इंदूरला ही बिअर होते का. त्याआधी कायद्याचं. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, 1915 प्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, ‘घरच्यापुरतीच’ म्हटल्याने सुटका होत नाही. ते आधी बघा.

आता गोंद. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो. स्टाउट जिभेवर रेशमासारखी लागते ती त्याच्यामुळे, आणि गाळायचं कापड तुंबतं तेही त्याच्यामुळेच. म्हणून एकूण धान्याच्या 10-12 टक्के ओट्स पुरे. 20 च्या वर गेलात की गाळणं मुश्कील होतं, चव मात्र त्या मानाने वाढत नाही. लंडनच्या जुन्या ओटमील स्टाउटमध्ये तर ओट्स नावापुरतेच असत.

10 लिटरसाठी: पेल मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट जव) 2 किलो, ओट्स 300 ग्रॅम, क्रिस्टल मॉल्ट (कॅरॅमलच्या चवीचं) 150, भाजलेलं जव 150, चॉकलेट मॉल्ट (गडद भाजलेलं, यात चॉकलेट नसतं) 120 ग्रॅम. ओट्स साधे, चपटे केलेले घ्या, इंदूरच्या सियागंज बाजारात सुटेही मिळतात. ते वाफवून दाबलेले असल्यामुळे वेगळे शिजवावे लागत नाहीत. तुकडा ओट्स घेतलेत तर आधी खिरीसारखे शिजवा. मसाला ओट्स नकोच, त्यात मीठ आणि तेल असतं. साधे ओट्स कढईत मंद आचेवर बिस्किटासारखा वास येईपर्यंत परतून दोन-तीन दिवस कागदी पिशवीत ठेवलेत तर चव खुलते. मॉल्टचा भरडा करायचा, पीठ नाही. फोल शाबूत राहिलं तरच पाणी वाट काढतं.

25 लिटरचा स्टीलचा गंज (मोठं पातेलं) घ्या, 16 लिटर पाणी 71 अंशांपर्यंत तापवा, आत मलमलीची मोठी पिशवी लावून धान्य सोडा. तापमान 68 ला येईल. गंज गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. 64-65 ला ठेवलात तर साखर जास्त आंबते आणि बिअर पातळ लागते, मग ओट्स घालून उपयोग काय? इथे घाई नको. दर वीस मिनिटांनी ढवळून तापमान बघा. तोटीच्या भांड्यात गाळणार असाल तर भाताचं तूस 100 ग्रॅम धुऊन मिसळा. आपल्याकडे पोह्यांच्या गिरण्या असताना त्यासाठी ऑनलाइन पैसे मोजायचं कारण नाही.

पाण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. कडक बोरिंगचं पाणी पिवळ्या बिअरला वाईट, काळीला चालतं, कारण भाजलेल्या धान्याची आंबट बाजू त्यातला बायकार्बोनेट सांभाळतो. नुसतं आर.ओ.चं पाणी वापरलंत तर तीच काळी बिअर जळक्या कॉफीसारखी तुरट लागते. नर्मदेचं नळाचं पाणी असेल तर आदल्या दिवशी उकळून गार करा. क्लोरीन राहिलं तर औषधाचा वास येतो.

पिशवी उचलून निथळू द्या, मग खाली उरलेलं गोड पाणी, म्हणजे काढा, तासभर खळखळून उकळा. उकळी फुटताच हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) 28 ग्रॅम घाला, 5 टक्के अल्फा ॲसिडचे, म्हणजे कडू घटक तेवढा असलेले. शेवटी घालायचे सुगंधी हॉप्स या बिअरला लागत नाहीत. काढा उतू जातो, पहिली दहा मिनिटं ओट्याजवळून हलू नका. साधारण 10 लिटर राहील आणि घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.054 च्या आसपास येईल. ती मोजायचा हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेला असतो. 35 अंशांच्या काढ्यात वाचलात तर 0.004 मिळवा.

गार करताना मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कामाचं नाही. टबमध्ये बर्फ घालून त्यात गंज ठेवा. काढ्यात बर्फ टाकू नका, जंतू बर्फातूनही येतात. इथून पुढे जे जे काढ्याला लागेल ते निर्जंतुक हवं.

इंदूरची खरी अडचण आंबवण्याची. एस-04 सारखं इंग्लिश एल यीस्ट 18-20 अंशांना नीट वागतं, आणि आंबताना द्रव खोलीपेक्षा तीन ते पाच अंश गरम होतो. 30 अंशांच्या खोलीत त्याला नेलपॉलिशसारखा वास येईल, डोकं धरेल ते वेगळंच. डिसेंबर-जानेवारीत काही करावं लागत नाही: अर्धं पाकीट, 6 ग्रॅम, बस. एप्रिलमध्ये भांडं पाण्याच्या टबात ठेवून ओल्या पंचाने गुंडाळा आणि पंखा लावा. माठाचंच तंत्र, मात्र जुलैत दमट हवेत ते चालत नाही. मेमध्ये हा खटाटोप सोडा आणि व्हॉस क्वाइक हे नॉर्वेचं यीस्ट घ्या. ते 35 अंशांना खुशीत काम करतं, थोडी संत्र्याची झाक देतं, जी काळ्या मॉल्टखाली बहुतेक झाकली जाते. बेकरीचं यीस्ट नको, ते तळाशी नीट बसत नाही.

बाटलीत भरण्याची घाई करू नका. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची दोन्ही वाचनं सारखीच आली, साधारण 1.015, तरच भरा. मद्यार्क 5 टक्क्यांच्या आसपास येईल. 10 लिटरला साधी साखर 45 ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. जास्त घातलीत किंवा आंबणं अर्धवट राहिलं तर काचेची बाटली फुटते, आणि ती सांगून फुटत नाही. पहिल्या खेपेला सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरा: दाबून दगडासारखी लागली की वायू भरला. खोलीत दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये. तिसऱ्या आठवड्याआधी चव घेतलीत तर भाजलेलं जव टोचेल, त्यावरून बिघडली असं ठरवून ओतून देऊ नका.