लिनक्स फक्त प्रोग्रॅमरसाठीच असतं का? जळगावात आमचा केळीचा व्यापार आहे, ऑफिसात ४ जीबी रॅमचा जुना पीसी आहे.

अजिबात नाही. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण फुकट मिळणारी प्रणाली आहे. तुमचा अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतो. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या मिंटची एक्सएफसीई ही जुन्या पीसीला झेपणारी हलकी आवृत्ती घ्या. ब्राउझर, मराठी टायपिंग, लिबरऑफिसमधली बिलं सगळं माउस-कीबोर्डनेच होतं, कमांड क्वचितच लागते. ‘फुकटचं म्हणजे कच्चं’ हेही चूक: २०१७ पासून जगातले सर्वात वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच आहेत. व्हायरस येतच नाही, हे मात्र खरं नाही. अपडेट करत राहा.

खरी अडचण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. ते विंडोजसाठी बनलंय, त्यामुळे गाड्यांचा हिशेब त्यात असेल तर विंडोज पुसू नका. आधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर तपासा. इन्स्टॉल केलं नाही तर हार्डडिस्कवरचं काही बदलत नाही.