फोटो पाठवू नका, आणि 'निर्णय संख्या' तर मुळीच नाही

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचंच जुनं दुखणं समोर आलं. तुमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, आठवी ते दहावीची पोरं शनिवारी दुपारी जमतात, त्यांच्यासोबत शाळेतले दोस्तही येतात. आता तुमच्या वरच्या ऑफिसनं दर महिन्याला फोटो आणि 'किती मुलांनी निर्णय घेतला', म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारलं, तो आकडा मागितला आहे. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेचे ओळखीचे मुख्याध्यापक 'नैतिक शिक्षणाचा' तास द्यायला तयार आहेत, आणि दहावीत गेली की पोरं गळतात. प्रश्न तीन आहेत, पण मी पहिल्यावरच जास्त बोलणार.

आधीच सांगून ठेवतो, मी पाळकही नाही आणि वकीलही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीत बरीच वर्षं तरुण संघ बघतो, एवढंच. तुमच्या यवतमाळकडे वेगळं असू शकतं. गाणी कोणती, वचन कसं शिकवायचं हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

तर फोटोचं. आमच्याकडेही शनिवारी व्हॉलीबॉल, मग दोन गाणी, एक गोष्ट, पोहे आणि घरी, असा कार्यक्रम होता. व्हॉलीबॉलसाठी गावातली बाकीची पोरं यायची. त्यातली काही गाणी सुरू झाली की कुंपणावर बसून राहायची, काही आत यायची. कोणाला ओढायचं नाही, कोणाला हाकलायचं नाही. आईबापांना माहीत होतं, कोणाची तक्रार नव्हती. आम्हाला थोडं अनुदान देणाऱ्या संस्थेच्या ऑफिसातून फोन आला की 'कार्यक्रमाचा एखादा जिवंत फोटो पाठवा'. आमच्यातल्या एकानं पाठवला. पोह्यांचा अंदाज घ्यायला एका काकूंनी विचारलं होतं, 'उद्या कोन कोन येनार बे?' आणि सगळ्या पोट्ट्यांनी हात वर केले होते. तोच क्षण टिपलेला होता.

काही महिन्यांनी त्यांची गुळगुळीत कागदावरची पत्रिका आली. आत तोच फोटो, आणि खाली छापलेलं की या खेड्यात इतक्या मुलांनी ख्रिस्ताला स्वीकारण्यासाठी हात वर केले! पोह्यांसाठी वर केलेले हात! आणि त्यात दोन-तीन पोरं शाळेच्या गणवेशात. खिशावरच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

पत्रिकेचं ते पान कोणीतरी मोबाईलवर फिरवलं. एका मुलाची आई ते घेऊन माझ्याकडे आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिनं अंगठ्यानं पोराचा चेहरा मोठा करून दाखवला आणि म्हणाली, 'भाऊ, हे काहून छापलं? मी तर त्याले खेळाले धाडलं होतं.' काय उत्तर देणार? पुढं ग्रामपंचायतीत बैठक झाली, ठाण्यात जबाब द्यावा लागला, आणि ज्या शाळेचा ह्यात काडीचा संबंध नव्हता तिच्या मुख्याध्यापकांना वर खुलासा द्यावा लागला. जबाब घेणारे जमादार समंजस निघाले म्हणून तेवढ्यावर निभावलं, नाहीतर सध्याच्या वातावरणात काय झालं असतं सांगता येत नाही.

आणि ऑफिस? आम्ही लेखी दुरुस्ती मागितली. एक साहेब फोनवर म्हणाले, 'अंक छापून झाला आहे, पुढच्या वेळी काळजी घेऊ.' पुढच्या अंकात दुसऱ्याच गावाचा फोटो होता, तसाच हात वर केलेला. आमच्या गावात यायची तसदी त्यांच्यापैकी एकानंही घेतली नाही. त्यांच्यासाठी तो वार्षिक अहवालातला एक रकाना होता. इथं मात्र मंडळीच्या स्वतःच्या पोरांचे आईबापही घाबरले. पिढ्यान्‌पिढ्या उपासनेला येणारी घरं, त्यांनीही पोरी पाठवणं बंद केलं. विश्वास परत यायला फार वेळ लागला, आणि काही घरं आलीच नाहीत. अजून लिहिताना डोकं तापतं, माफ करा.

म्हणून माझं मत एकदम कडक आहे. अल्पवयीन मुलांचे चेहरे मंडळीच्या बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. फोटो पाहिजेच असेल तर पाठमोरा घ्या. आणि चौदा वर्षांच्या पोराच्या श्रद्धेचा आकडा कोणालाही देऊ नका. वर आकडा जायला लागला की गोष्ट सांगणाराही हात मोजायला लागतो, हे मी शेजारच्या गावात पाहिलं आहे. काहींना हे भित्रेपणाचं वाटेल. संविधानाचं अनुच्छेद २५ धर्मप्रचाराचा हक्क देतं हे मलाही ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या पोराच्या बाबतीत त्याच्या आईबापाला टाळून काही करायचं नाही, एवढं कायद्याच्या आधी माणुसकीतच येतं.

बाहेरची मुलं येत असतील तर संमतीपत्र घ्या, मराठीत, साध्या भाषेत. काय काय होतं (खेळ, गाणी, बायबलवाचन, हे लपवू नका), किती वाजता सुटतं, कोण दोन मोठी माणसं हजर असतात, त्यांचे नंबर. सहीसाठी घरी जा, पोराच्या हाती कागद पाठवू नका. घरी गेलं की चहा होतो आणि अर्धे गैरसमज तिथंच मिटतात. कोणी नको म्हटलं तर विषय संपला.

शाळेच्या तासाबद्दल थोडक्यात: घेऊ नका. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, अनुच्छेद २८ मध्ये स्पष्ट आहे. अनुदानित खाजगी शाळेतही अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. 'नैतिक शिक्षण' असं नाव दिल्यानं आतला माल बदलत नाही. मुख्याध्यापक भला माणूस दिसतो, त्याला कशाला अडचणीत आणता?

ओघात आलंच आहे तर: कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही, पाळकसुद्धा नाही. मुली असतील तर महिला मंडळातली एक काकू हवीच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. त्यात १८ वर्षांखालच्या मुलाबाबत काही गैर कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीत बसून मिटवू' म्हणणारे वडीलधारे प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांचं ऐकू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दहावीची गळती म्हणाल तर त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची परीक्षा, त्याआधी कापूस वेचणी, पोरं सुट्टीच्या दिवशी किलोच्या हिशोबानं वेचायला जातात. येणार कधी? आम्ही दहावीवाल्यांसाठी उपासनेचा हॉल संध्याकाळी अभ्यासाला उघडा ठेवला. पंखा, उजेड, जुन्या प्रश्नपत्रिका आणि गणित येणारा मंडळीतला एक कॉलेजचा मुलगा. शेवटी पाच मिनिटं प्रार्थना, ज्याला बसायचं तो बसतो. परीक्षेच्या आदल्या रविवारी पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवायचा आणि वर्षभर भूमितीचं एक प्रमेय समजावायला कोणी नाही, हे मला पटत नाही. तुमच्या यवतमाळात तर १९८३ पर्यंत सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती. ती पुण्याला गेली, आणि आता आपल्याकडे गाण्यांना पेटी वाजवणारा शोधावा लागतो. पेटी नसेल तर खंजिरी घ्या, वऱ्हाडातल्या पोरांच्या हाताला ती बसलेलीच असते.

शिबिराचं वेळापत्रक वरून आलं तर तसंच घेऊ नका. जूनच्या मध्यात राज्यात इतरत्र शाळा उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे महिनाअखेर होते, हे तिकडच्यांच्या ध्यानातच नसतं. मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये मुक्कामी शिबिर म्हणजे पोरं आजारी पाडायचं काम. एक दिवसाचं करा, डिसेंबर-जानेवारीत. आणि कृपा करून बॅनरवर पुन्हा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ४:१२ (तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये, ते) नको, पोरं त्याच वचनाखाली दरवर्षी बसून कंटाळली आहेत.

ऑफिसला काय कळवायचं म्हणाल, तर आम्ही आता एवढंच लिहितो: कार्यक्रम नियमित सुरू आहे, पालकांची संमती घेतलेली आहे, मुलांचे फोटो व वैयक्तिक माहिती दिली जाणार नाही. संख्येचा रकाना कोरा. तुमचं अनुदान थांबवतील, आमचं थांबवलं. पोहे महिला मंडळानं उचलले, व्हॉलीबॉलचं नेट एका निवृत्त गुरुजींनी आणून दिलं. बॉलचा खर्च तेवढा धरून चाला, कारण मैदानाच्या कडेला बाभळी असतील तर काटा लागून तो फुटतोच. दोन ठेवा.