कळ पायात, मूळ कमरेत

दादा, नुसती कंबर धरली म्हणजे सायटिका नव्हे. सायटिका म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या नसेचं दुखणं. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत, कधी पार पावलापर्यंत उतरते, तीही बहुधा एकाच पायात. खोकला-शिंक आली की विजेसारखी चमकते. मुंग्या अंगठ्याकडे येतात की करंगळीकडे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगठ्याकडे असतील तर कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी (डिस्क), करंगळीकडे असतील तर तिच्या खालची, असा साधारण अंदाज बांधता येतो. सरकलेली गादी नसेचं मूळ दाबते, बहुतेकांचं कारण हेच. उतारवयात मणक्यातली जागा अरुंद होऊनही हा त्रास होतो. मग चालताना पाय भरून येतात आणि जरा वाकलं की बरं वाटतं.

अंथरूण धरून पडू नका, सोसेल तेवढं चाला. पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्या असंही कोणीतरी सांगेलच. हसून सोडून द्या. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत उतार पडतो, त्यामुळे एमआरआयची लगेच घाई नको. मात्र लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.