पार्किन्सन्स आणि गिळताना लागणारा ठसका: सुरुवातीला एवढंच बघा

तुमच्या बाबांना भात जातो पण चहाला ठसका लागतो असं तुम्ही विचारलंत, हे पार्किन्सन्समध्ये नेहमीचंच. पातळ पदार्थ घशातून झरकन उतरतो आणि गिळणं मंदावलेलं असल्यामुळे श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. म्हणून ठसका लागला की लगेच पाणी पाजायची आपली सवय आधी सोडा. सगळे इथेच चुकतात.

सध्या एवढं करा:

- खुर्चीत ताठ बसवा, पलंगावर रेलून नको. जेवणानंतरही अर्धा तास तसंच.
- लहान चमचा. घास पूर्ण उतरल्याशिवाय पुढचा नाही. टीव्ही बंद, गप्पाही.
- लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सवरच्या गोळीचा) असर असतानाच जेवण. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.
- रात्री दात, जीभ, कवळी स्वच्छ. तोंडातले जंतू फुफ्फुसात गेले की न्यूमोनियाचा धोका.

ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ बंद म्हणजे शिक्षाच, कळतं मला! पण पातळ रस्सा आणि कडक फरसाण एकाच घासात सांभाळणं फार अवघड. तूर्तास मऊ, एकसारखं शिजवलेलं द्या.

आणि ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. घास श्वासनलिकेत गेला तरी काहींना खोकला येतच नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतोय? वरचेवर ताप, वजन कमी? मग न्यूरॉलॉजिस्टना लगेच सांगा आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. थिकनर (पातळ पदार्थ घट्ट करायची पावडर) मनाने आणू नका, किती घट्ट करायचं ते थेरपिस्टच ठरवतील. गिळताना मान कशी ठेवायची त्या युक्त्या, व्यायाम वगैरे त्यानंतर बोलू.