एखादा मुद्दा 'गौण ठरवला' म्हणजे तो फेटाळला का?

नाही. 'निवड करताना किंमत हा मुद्दा गौण ठरवण्यात आला' या वाक्यात किंमत विचारात घेतली आहे, फक्त तिच्यावरचा भर कमी केलाय. फेटाळलेला मुद्दा यादीतूनच जातो. गौण ठरवलेला खाली सरकतो, पण यादीत राहतो.

शब्द संस्कृत, 'गुण'वरून आलेला. तो एकटा कधी येत नाही. काहीतरी मुख्य असल्याशिवाय दुसरं काही गौण होत नाही. शाळेतलं मिश्र वाक्य आठवा: 'जर पाऊस पडला, तर पेरणी होईल.' यातलं 'जर पाऊस पडला' हे गौण वाक्य. आता माण-खटावच्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाऊस गौण आहे म्हणून सांगून बघा! वाक्याच्या रचनेत तो गौण. पेरणी अडलीय त्याच्यावरच.

आमच्या साताऱ्या-सांगलीकडं हा शब्द जास्त कानावर पडतो तो तहसील कचेरीत, 'गौण खनिज' म्हणून. खाण आणि खनिजांच्या १९५७ च्या कायद्यात बांधकामाचा दगड, साधी माती, साधी वाळू या गटात येतात, आणि त्यांचे नियम करायचा अधिकार राज्य सरकारला आहे. घर बांधताना ज्यानं वाळूचे पैसे मोजलेत, तो तिला बिनमहत्त्वाची म्हणणार नाही. कायद्यातला गौणपणा वर्गवारीपुरता आहे.

जवळचे शब्द मात्र सरमिसळ करू नका. 'दुय्यम' फारसीतून आला, मूळ अर्थ दुसरा. तो पदाला किंवा क्रमाला लागतो. म्हणून दुय्यम निबंधक असतो, गौण निबंधक नसतो. 'किरकोळ' आकारमान सांगतो (किरकोळ जखम), आणि 'क्षुल्लक'मध्ये तुच्छता आहे. किमतीला कोणी हिंग लावून विचारलं नाही, असं सुचवायचं असेल तर क्षुल्लक म्हणा.

बोलताना 'गौण' फारसं कोणी म्हणत नाही. उसाचा फड उभा असला की माणूस म्हणतो, "आधी तोड मिळू दे, दराचं मागनं बघू." दर गौण ठरवला तो असा. लिहिताना 'गौण ठरवणे', 'गौण मानणे', 'गौण समजणे' यांपैकी काहीही चालेल. 'गौण करणे' कानाला खटकतं.