गुडघ्याच्या सुजेला थंड काय द्यावं: बिनसाखरेचं कोकम, आणि हळद त्यात नको

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आईंचे गुडघे सुजतात, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर अँटी-इन्फ्लेमेटरी डाएट, म्हणजे सूज कमी करणारा आहार, सांगितलंय, बाटलीतली सरबतं आणि कोल्ड्रिंक बंद केलीत, आणि दुपारच्या उन्हात त्यांना गार काहीतरी लागतंच. आमच्याकडे सासूबाईंना आमवात आहे, त्यामुळे गेली सहा वर्षं हे सगळे प्रयोग करून झालेत.

आधी हळदीचं बोलते, कारण हल्ली प्रत्येक रीलमध्ये तेच पिवळं पाणी दिसतं. थंड पाण्यात हळद घालू नका हो. तिच्यातलं कुरक्युमिन, म्हणजे ज्या द्रव्यासाठी हळद घेतात ते, पाण्यात विरघळतच नाही, तेलातुपात विरघळतं, ग्लासात हळद तळाशी बसते आणि तोंडाला नुसता कच्चट वास. मग कोणीतरी मिऱ्याचं सांगतं. ते अगदीच खोटं नाही, १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कुरक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, देऊन पाहिलं तर कुरक्युमिन अंगात शोषलं जाण्याचं प्रमाण जवळपास २० पट झालं. पण हिशोब करा ना, हळदीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे २ ग्रॅमसाठी ६०-७० ग्रॅम हळद लागेल, तेवढी कोण पिणार! हळद फोडणीतच बरी, रोजच्या भाजीत.

प्यायला कोकम. त्यातल्या गार्सिनॉल नावाच्या द्रव्यावर काम झालंय आणि सूज कमी करणारे गुण दिसलेत, पण ते प्रयोगशाळेत, पेशींवर आणि उंदरांवर, एका ग्लासाने गुडघ्याची सूज उतरेल असं मी काही सांगणार नाही. मला फायदा दिसतो तो साखर टळण्याचा. ग्लासभर सरबतात चहाच्या चमच्याने चार चमचे साखर गेली की १६ ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. बाकी चहाबिस्किटं आहेतच की.

चार ग्लासांसाठी १०-१२ आमसुलं घ्या, पटकन एका पाण्यातून काढा म्हणजे वरचं मीठ जाईल, मग वाटीभर कोमट पाण्यात दोन तास भिजवून हाताने छान कुस्करा आणि गाळा. इंचभर आलं किसून त्याचा रस पिळा, पण तो लगेच ओतायचा नाही, पाच मिनिटं ठेवला की खाली पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा रस घ्यायचा, मग सरबत घशाला खवखवत नाही. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मिरपूड, पुदिना चुरडून, आणि माठातलं पाणी. आधी चव बघा मग मीठ, बहुतेक वेळा लागतच नाही. फारच आंबट वाटलं तर एक भिजवलेला खजूर कुस्करून घाला. गूळ घालून "साखर नाही" म्हणणं ही आपणच आपली केलेली फसवणूक, साखरेचाच भाऊ तो.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं. मी एकदा शहाणपणा करून तांब्याचं पाणी चांगलं म्हणून रात्रभर कोकम तांब्याच्या जगमध्ये भिजत घातलं, सकाळी पाण्याला अशी कळकट चव की तोंडात धरवेना, आणि जग मात्र आतून लख्ख! आमची आजी देवाची भांडी आमसुलानेच घासायची हे तेव्हा आठवलं. सगळं ओतून दिलं.

आगळ वापरणार असाल तर जपून. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळाच्या, साली मिठात मुरवून, रोज ढवळून सुटलेला रस तो, म्हणजे मीठ भरपूर. आईंना बीपी असेल तर आगळ नकोच, बिनमिठाची सुकवलेली कोकमं मिळतात, एप्रिल-मेमध्ये कोकणातून कोणी येणार असेल तर तीच मागवून ठेवा. सोलकढी चालेल, पण नारळाच्या दुधामुळे जड होते, आम्ही जेवणाबरोबर एक वाटी देतो, तहान भागवायला नाही.

आणि एक, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या किंवा आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, जेवणातल्या हळदीआल्याचं काही नाही. ॲसिडिटीचा त्रास असेल तर कोकम उपाशीपोटी देऊ नका, आमच्या सासूबाईंना साडेचार-पाचला, काहीतरी खाल्ल्यावर झेपतं.

गाळून उरलेली आमसुलं टाकू नका, संध्याकाळच्या आमटीत घाला, आंबटपणा उरलेला असतो त्यात. आणि पांढऱ्या साडीवर सांडू देऊ नका, तो डाग माझ्या साडीवरून अजून निघालेला नाही, कोणाला उपाय माहीत असेल तर खाली लिहा.